खुडूक नव्हे, रजेवर!

मराठी शिकविणाऱ्या माणसाने कोंबड्यांवर लिहावे, याचे कुणी नवल करू नये. चुकीच्या शब्दाने जीव जाऊ शकतो, हे मला व्याकरणाच्या पुस्तकांनी नव्हे, बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या परसांनी शिकविले. तो शब्द म्हणजे ‘खुडूक’.

धाड हे माझे आजोळ. दिवाळी सरली की तिथली पहाट बोचरी होते आणि घरोघरी अंडी आटतात. शेजारच्या मावशींच्या सहा कोंबड्या. त्यांच्या अंड्यांवर नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. एका मार्गशीर्षात अंडी पार बंद झाली.

“समद्या खुडूक झाल्या, भाऊ! पाण्यात बुचकळते, नाही तर बाजार दाखवते,” मावशी म्हणाल्या.

आता खुडूक कोंबडी कशी असते? ती खुराड्यात ठाण मांडते, हात लावला की फुगून चोच मारते. या सहाजणी तर अंगणभर चरत होत्या आणि त्यांच्या मानेची पिसे झडली होती. त्या खुडूक नव्हत्या, रजेवर होत्या! पिसे झडलेल्या कोंबडीला ऐन थंडीत बुचकळणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

ही रजा थंडीची नसते, उजेडाची असते. आपल्याकडे जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, तर डिसेंबरातला जेमतेम अकरा तासांचा. कोंबडीला उजेड केवळ डोळ्यांनीच नव्हे, कवटीतून थेट मेंदूलाही जाणवतो. दिवस आखडला की अंडी थांबतात आणि जुनी पिसे टाकून नवी येतात. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात. म्हणून या दिवसांत ज्वारी-मक्याबरोबर थोडी शेंगदाण्याची पेंड द्यावी. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

अंडी हवीतच, तर पहाटे खुराड्यात छोटा दिवा लावावा. दर आठवड्याला अर्धा तास वाढवीत दिवसाचा एकूण उजेड चौदा तासांवर न्यावा. दिवा पहाटेच बरा. संध्याकाळी तो एकदम विझला, तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत.

थंडीची फार धास्ती नको. कोंबडीच्या अंगात सुमारे ४१ अंश उष्णता असते आणि वर पिसांची रजई! तिला बाधतो तो ओलावा आणि अंगावरचा झोत. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधावे, पण वरची फट उघडी ठेवावी. नाही तर विष्ठेचा उग्र वायू कोंडतो. खाली कोरडे तूस पसरावे आणि ते वरचेवर हलवावे. शेगडी मात्र आत नको. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस आधीच टोचून घ्यावी. १९२७ साली हा रोग आपल्या देशात राणीखेतला आढळला, म्हणून त्याला ते नाव.

मावशींनी बाजार लांबणीवर टाकला आणि दिवा लावला. संक्रांत उलटल्यावर पहिले अंडे आले, मग दुसरे. नातीच्या वह्या थोड्या उशिरा आल्या, एवढेच. दिवा लावायचा नसेल, तर नुसता धीर धरावा. दिवस मोठा होऊ लागला की कोंबडी आपली आपण कामावर रुजू होते. वर्षभर राबणाऱ्याला दोन महिन्यांची रजा मिळाली, तर त्याला निकामी ठरवू नये, हे आम्हा मास्तर लोकांना तरी कुणी वेगळे सांगायला नको!