गालात काय भरतात आणि कोण भरतं?

लग्नसराई जवळ आली की अमरावती-अकोल्याच्या त्वचारोगतज्ज्ञांपुढे हा प्रश्न हटकून येतो : "मॅडम, पोरीचं लगन हाये, गालावरचे हे खड्डे भरून देता का?" सुईने खड्डे भरणारं फिलर ही नटनट्यांची चैन, असं म्हणायचे दिवस मागे पडले. दोन्ही शहरांत स्किन क्लिनिकच्या पाट्या दिसतात आणि मोबाइलवर रोज कोणी ना कोणी आपला 'आधी-नंतर'चा फोटो टाकत असतं. पैसे मोजायच्या आधी ही भानगड काय आहे, ते समजून घेतलेलं बरं.

सिरिंजमध्ये असतं काय?

बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिडचं पारदर्शक जेल असतं. नावात ॲसिड असलं तरी ते जाळत नाही. आपल्या कातडीत, सांध्यांत आणि डोळ्यांत ते मुळातच असतं आणि भिजवलेल्या सब्जासारखं पाणी धरून ठेवतं. वय वाढलं, ऊन खाल्लं की त्याचं प्रमाण घटतं. गालांच्या आतली चरबी आणि हाडाचा आधारही कमी होतो. मग नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांकडे जाणाऱ्या रेषा खोल दिसतात.

नैसर्गिक हायलुरॉनिक ॲसिड सुईने आत सोडलं तर शरीर ते एक-दोन दिवसांत मोडून टाकतं. म्हणून कारखान्यात त्याचे धागे रसायनाने एकमेकांना बांधतात. असं बांधलेलं जेल जागेनुसार सहा महिने ते दीड वर्ष टिकतं, ओठांत कमी आणि गालांत जास्त. सिरिंज साधारण १ मिलीची, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा ऐवजाला हजारो रुपये पडतात आणि निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च आरोग्य विमा देत नाही.

अकोल्या-अमरावतीतल्या शाकाहारी घरांतून हमखास येणारी शंका अशी : यात जनावराचं काही असतं का? शंका अगदीच निराधार नाही. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला, तो गाईच्या डोळ्यातून. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं कोलॅजनचं फिलर तर गाईच्या कातडीपासून बनत असे. आजची हायलुरॉनिक ॲसिडची फिलर मात्र जिवाणूंच्या आंबवणीतून तयार होतात. तरी खोक्यावरचं वाचून घ्यावं.

कॅल्शियमयुक्त किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडची फिलरही मिळतात. ती जास्त टिकतात, पण बिघडलं तर विरघळवता येत नाहीत. पहिल्यांदाच करून घेणाऱ्याने त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं, असं माझं मत. द्रवरूप सिलिकॉन कोणी स्वस्तात टोचून देतो म्हणाला, तर तिथून उठून यावं.

बोटॉक्स वेगळं

दोन्ही सुईने देतात म्हणून लोक गल्लत करतात. बोटॉक्स स्नायू सैल करतं, त्यामुळे कपाळावरच्या आठ्या कमी होतात. त्याचा असर तीन-चार महिने राहतो. फिलर खड्डा भरतं, स्नायूंशी त्याचं देणंघेणं नाही.

कशाला उपयोग, कशाला नाही

मुरुमांच्या पसरट, उथळ खड्ड्यांना फिलरने उठाव येतो. सुईच्या टोकासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना त्याचा फारसा फायदा नाही. त्यांच्यावरचे उपाय निराळे. डोळ्यांखाली खोलगटपणामुळे सावली पडत असेल तर फरक दिसतो, पण तिथली कातडीच काळवंडली असेल तर पैसे पाण्यात. वऱ्हाडच्या उन्हात वांग हे तर घरोघरचं दुखणं. वांग हा रंगाचा दोष आहे आणि फिलरने रंग बदलत नाही. हे तोंडावर सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला धरून ठेवा.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने, चेहऱ्यावर पिकलेले मुरूम किंवा संसर्ग असलेल्याने फिलर घेऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं. सूज आणि निळे डाग उतरायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे हळदीच्या दोन दिवस आधी दवाखाना गाठण्यात अर्थ नाही. महिनाभर तरी हाताशी ठेवावा.

उन्हाळ्याचा हिशेब

बहुतेक कंपन्या फिलर २५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ऑनलाइन मागवलेली सिरिंज कुरिअरच्या गाडीत आणि गोदामात किती तास तापली, कोण सांगणार? माल अधिकृत वितरकाकडून आला का आणि दवाखान्यात तो कुठे ठेवतात, हे विचारायला लाजू नये. टोचून घेतल्यावरही दोन दिवस तरी कडक ऊन, वाफ आणि चुलीची धग टाळावी लागते.

खरा धोका

सूज, दुखणं, बारीक गाठ हे त्रास बहुधा निभावतात. भीती वेगळ्याच गोष्टीची असते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. ती जागा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर दिसते, विलक्षण दुखते आणि उपचार झाला नाही तर सडते. नाक आणि दोन भुवयांमधली जागा यात सगळ्यात वाईट, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर नजर जाऊ शकते आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.

हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला उतारा आहे : हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन, जे जेल विरघळवतं. नेत्रतज्ज्ञांना ते जुनं ओळखीचं आहे, डोळ्याच्या ऑपरेशनआधी भूल पसरायला ते वापरतात. हा उतारा त्याच दवाखान्यात, हाताशी हवा. डोळ्याच्या बाबतीत खेळ मिनिटांचा असतो आणि अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटरवर आहे. "हायलुरोनिडेज ठेवलंय का?" या प्रश्नाला डॉक्टर वैतागला, तर उत्तर मिळालंच असं समजा.

अकोल्याची ती क्रीम

चौकशी केल्याशिवाय चेहऱ्यावर काही करून घेऊ नये, हे अकोल्याला नव्याने सांगावं लागू नये. २०२३ च्या सुरुवातीला राज्यभर बातमी झाली ती अकोल्यातल्याच एका कुटुंबाची. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघी स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. चेहरे उजळले, लोक कौतुक करू लागले आणि काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं निघालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पारा हजारो पीपीएम सापडला. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये तो नकळत आला तरी १ पीपीएमच्या वर चालत नाही.

क्रीम आणि फिलर या निराळ्या वस्तू, पण तिथे जी चूक झाली ती सिरिंजच्या बाबतीतही होऊ शकते : आत काय आहे हे कोणी पाहिलं नाही, कारण देणारी ओळखीची होती. वरून लावलेल्या क्रीमने एवढं केलं, तर कातडीच्या आत सोडलेल्या मालाची चौकशी किती करायला हवी!

कोणाच्या हातून?

फिलर हा वैद्यकीय उपचार आहे. पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत भरवलेल्या 'कॅम्प'मध्ये किंवा कोणाच्या घरी तो घेऊ नये. सुईशिवाय दाबाने फिलर घुसवणाऱ्या 'हायलुरॉन पेन'बद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्येच इशारा दिला होता. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, नाहीतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच ही पदवी पाटीवर शोधा. कॉस्मेटॉलॉजीचा काही आठवड्यांचा कोर्स म्हणजे ही पदवी नव्हे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

मन ठरत नसेल तर सरळ केसपेपर काढा. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आणि अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. तिथल्या त्वचारोग विभागात आपल्याला विकायला कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे "हे करायची गरजच नाही" असं ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त.

सिरिंज आपल्या डोळ्यांसमोर सीलबंद खोक्यातून काढायला लावा. खोक्यातल्या चिकटपट्टीवर उत्पादनाचं नाव आणि लॉट क्रमांक असतो. ती आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि बिल मागा. मालाबद्दल शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. चिकटपट्टी आणि बिल जवळ असेल, तर त्या तक्रारीत दम राहतो.