ब्राउझर आणि प्रॉक्सी सर्व्हर : औद्योगिक पट्ट्यातील एका जोडणीचा विचार

भोसरी, आकुर्डी किंवा चाकण येथील एखाद्या कारखान्यात प्रकल्पकार्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी बहुधा एकच अनुभव येतो. संगणक चालू असतो, जाळ्याची तार जोडलेली असते, परंतु ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडत नाही. मग संगणक विभागातील कोणी कागदाच्या चिठोऱ्यावर एक पत्ता आणि त्यापुढे ८०८० किंवा ३१२८ यांसारखा एक अंक लिहून देतो. तो अंक कोठे भरावयाचा हे सांगितले जाते. तो का भरावयाचा हे सहसा सांगितले जात नाही. काम सुरू होते आणि विषय तेथेच संपतो. पुढे कधी अडचण उद्भवली म्हणजे मात्र तो चिठोरा निरुपयोगी ठरतो, कारण ज्या व्यवस्थेचा तो भाग आहे तिची कल्पना हाताशी नसते.

चाकणचे नाव आज मोटारींच्या कारखान्यांशी निगडित झाले असले, तरी तत्पूर्वी ते कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध होते आणि ती पेठ आजही चालू आहे. तेथील अडत्याचे उदाहरण प्रॉक्सी सर्व्हर समजून घेण्यास पुरेसे आहे. शेतकरी आपला माल अडत्याच्या गाळ्यावर उतरवितो. खरेदीदाराशी व्यवहार अडत्या करतो, पट्टीही त्याच्याच नावाची निघते. प्रॉक्सी सर्व्हर हाही असाच मध्यस्थ होय. ब्राउझर आपली विनंती त्याच्या स्वाधीन करतो. तो ती स्वतःच्या नावाने बाहेरील सर्व्हरकडे नेतो आणि आलेले उत्तर ब्राउझरला आणून देतो. बाहेरच्या सर्व्हरला दिसतो तो प्रॉक्सीचा पत्ता, कारखान्यातील संगणकाचा नव्हे.

ही योजना वेबइतकीच जुनी म्हणता येईल. जिनेव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा जन्म झाला, आणि तेथील सर्व्हर-प्रणालीत प्रॉक्सीची सोय १९९४ सालीच करण्यात आली. फायरवॉलच्या आत बसलेल्यांना बाहेरची पाने वाचता यावीत आणि एकदा आणलेले पान साठवून ठेवून पुन्हा त्याच पानासाठी दूरवर जावे लागू नये, असे तिचे दोन हेतू होते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा वाहिन्या इतक्या संथ होत्या की दुसऱ्या हेतूचेच महत्त्व अधिक वाटत असे. आज बहुतेक सर्व पाने सांकेतिक रूपात येत असल्यामुळे साठवणुकीचा उपयोग पुष्कळच ओसरला आहे. नियंत्रण, नोंद आणि छाननी हे हेतू त्याच्या जागी आले आहेत, आणि औद्योगिक पट्ट्यात प्रॉक्सी टिकून राहिली आहे ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. मध्यस्थ आहे तर त्याचा पत्ता ब्राउझरला सांगावा का लागतो? सारी वाहतूक निमूटपणे त्याच्याकडे का वळविता येत नाही? याचे उत्तर विनंतीच्या रचनेत आहे. ब्राउझर थेट जातो तेव्हा तो प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकरूप पत्ता शोधतो, त्या पत्त्याशी जोडणी करतो आणि मग केवळ ‘अमुक पान द्या’ असे म्हणतो. संकेतस्थळाच्या दारातच उभे असल्यामुळे पूर्ण पत्ता सांगण्याची त्यास गरज नसते. प्रॉक्सीमार्फत जाताना मात्र ‘अमुक संकेतस्थळावरील अमुक पान द्या’ अशी पूर्ण पत्त्यासह विनंती करावी लागते. म्हणजे आपण मध्यस्थाशी बोलत आहोत याचे भान ब्राउझरला असणे आवश्यक आहे, आणि ते भान देणे म्हणजेच प्रॉक्सीची जोडणी करणे. वाहतूक परस्पर वळविणाऱ्या ‘पारदर्शक’ प्रॉक्सीही असतात. पण त्या सांकेतिक पानांच्या बाबतीत अडखळतात आणि वापरणाऱ्याला त्यांचा थांगपत्ता नसतो, म्हणून उघड जोडणी हीच अधिक प्रामाणिक समजली पाहिजे.

यातून एक उपफल निघते व ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रॉक्सीमार्फत जाताना संकेतस्थळाच्या नावाचा शोध प्रॉक्सी घेते, संगणक नव्हे. त्यामुळे ‘पिंग’ ही आज्ञा देऊन बाहेरील नाव सापडत नाही, तरी ब्राउझरमध्ये तेच पान सुरळीत उघडते, असा प्रकार कारखान्यात नेहमी आढळतो. तो बिघाड नव्हे.

सांकेतिक पानांची, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ची, रीत निराळी आहे. तेथे ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ अशी आज्ञा देऊन अमुक संकेतस्थळाच्या ४४३ या पोर्टापर्यंत वाट मोकळी करण्यास सांगतो. प्रॉक्सीने होकार दिला की त्या वाटेने ब्राउझर आणि संकेतस्थळ यांचा परस्परांत बंदिस्त व्यवहार सुरू होतो. अडत्याच्या हाती येथे शिवलेले पोते येते : कोणाकडे जावयाचे, किती वजनाचे आणि केव्हा, हे त्यास कळते; आत काय आहे ते कळत नाही. या नियमाला एक मोठा अपवाद आहे, त्याचा विचार शेवटी केला आहे.

प्रत्यक्ष जोडणी फार अवघड नाही. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात ‘प्रॉक्सी’ हे पान आहे. तेथे भरलेला पत्ता व पोर्ट क्रोम आणि एज हे दोन्ही ब्राउझर वापरतात; त्यांची स्वतःची निराळी नोंदवही नसते. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’ विभागाच्या तळाशी ‘नेटवर्क सेटिंग्ज’ आहे आणि तेथे संगणकाची जोडणी स्वीकारावी की स्वतंत्र जोडणी लिहावी, हे ठरविता येते. स्वतंत्र जोडणी लिहिल्यास सांकेतिक पानांसाठीही तीच प्रॉक्सी वापरावी अशी खूण करावयास विसरू नये. ती राहून गेली म्हणजे जुनी साधी पाने उघडतात आणि उर्वरित जग बंद राहते.

खरा घोटाळा होतो तो अपवादांच्या यादीत. कोणती विनंती मध्यस्थाकडे पाठवावयाची नाही, हे सांगण्यासाठी पत्त्याच्या चौकटीखाली एक रिकामी जागा असते, आणि ती बहुधा रिकामीच सोडली जाते. कारखान्याच्या आतील छपाईयंत्र, साठ्याची नोंद ठेवणारी प्रणाली, एखाद्या यंत्राच्या नियंत्रकाचे पान यांचे पत्ते १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ यांनी सुरू होणारे, खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असतात. त्यांच्यासाठी अडत्याकडे जाणे म्हणजे घरातल्या कोठीतील कांदा बाजारातून विकत आणणे होय. प्रॉक्सीला ते पत्ते ठाऊक नसतात, किंवा ठाऊक असले तरी तिकडे जाण्याची तिला मनाई असते. परिणामी बाहेरचे जग उघडते आणि शेजारच्या खोलीतले यंत्र सापडत नाही. विंडोजमध्ये ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नये’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खूण फक्त बिंदू नसलेल्या नावांना लागू पडते, १९२.१६८ ने सुरू होणारा अंकरूप पत्ता तिच्या कक्षेत येत नाही. तो यादीत निराळा लिहावा लागतो. विंडोजच्या यादीत नोंदींमध्ये अर्धविराम द्यावयाचा असतो आणि फायरफॉक्सच्या यादीत स्वल्पविराम, ही बाब क्षुल्लक खरी, पण तिने कित्येकांचे दिवस वाया घालविले आहेत.

याच यादीत १२७.०.०.१ हा पत्ता असणे इष्ट आहे. हा पत्ता म्हणजे संगणकाचे स्वतःचेच नाव. अद्ययावत ब्राउझर तो आपोआप वगळतात, परंतु जुनी प्रणाली असेल तेथे तसे गृहीत धरू नये. विवरणपत्रावर अथवा ई-निविदेवर डिजिटल सही करताना ब्राउझर त्याच संगणकावर चालणाऱ्या एका छोट्या प्रणालीशी या पत्त्यावरून बोलत असतो. ती विनंती प्रॉक्सीकडे गेली तर प्रॉक्सी तिला स्वतःच्याच संगणकावर शोधते, सही उमटत नाही, आणि दोष बिचाऱ्या सहीच्या किल्लीवर ठेवला जातो.

या पट्ट्याच्या रचनेमुळे आणखी एक अडचण येथे वारंवार उद्भवते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि तेव्हापासून मोठा कारखाना व त्यास सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहान शेड अशी जोडव्यवस्था येथे वाढत गेली. चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आल्यावर ती अधिकच दाट झाली. भोसरीतील पुरवठादाराचा अभियंता आठवड्यातून दोन दिवस चाकणच्या कारखान्यात बसतो. तेथील प्रॉक्सी तो आपल्या लॅपटॉपमध्ये भरतो आणि संध्याकाळी तशीच घेऊन परततो. दुसऱ्या दिवशी भोसरीत काहीही उघडत नाही, कारण ब्राउझर चाकणच्या भिंतीआड असलेल्या मध्यस्थाला हाका मारीत असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडूनही उपयोग होत नाही. रस्ता बदलला तरी ज्याच्याकडे जावयाचे तो तेथे नाहीच. दारात माल भरून ट्रक उभा असतो. आंतरराज्य वाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आवश्यक झाले आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइसही बंधनकारक आहे. सेटिंग्जमधील विसरलेल्या एका ओळीपायी ट्रकचा खोळंबा होतो, तो असा.

यावरील उत्तम उपाय १९९६ सालीच नेटस्केपने दिला होता : ‘पीएसी’ फाइल. हा जावास्क्रिप्टमधील एक लहानसा नियमसंग्रह असून प्रत्येक विनंतीच्या वेळी ब्राउझर त्यास पत्ता दाखवितो आणि ‘अमुक प्रॉक्सीकडे जा’ किंवा ‘थेट जा’ असे उत्तर घेतो. आतील पत्ते थेट, बाहेरचे प्रॉक्सीमार्फत, आणि प्रॉक्सी न सापडल्यास थेट, इतके तीन नियमही पुरतात. ब्राउझरमध्ये पत्ता व पोर्ट न भरता केवळ या फाइलचा पत्ता भरावयाचा. कारखान्याबाहेर ती फाइलच मिळत नाही आणि तशा वेळी ब्राउझर सामान्यतः थेट जातात. म्हणजे लॅपटॉप भोसरीतही चालतो आणि चाकणलाही. अशी फाइल आपोआप शोधून काढण्याची ‘डब्ल्यूपॅड’ नावाची सोयही आहे. ती मात्र परक्या जाळ्यात बंद ठेवावी. हॉटेल किंवा रेल्वेस्थानकाच्या जाळ्यात कोणीही पुढे होऊन ‘मीच तुमचा मध्यस्थ’ असे म्हणू शकतो आणि ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो.

बिघाड ओळखण्याची रीत सोपी आहे. फक्त संदेश वाचण्याची सवय हवी. प्रॉक्सी सापडत नाही असे ब्राउझर म्हणत असेल तर पत्त्याचे नाव चुकले आहे, किंवा संगणक त्या जाळ्यात नाही. ती जोडणी नाकारते असा संदेश असेल तर बहुधा पोर्ट चुकला आहे. ४०७ हा अंक दिसल्यास ती वापरणाऱ्याची ओळख मागत आहे. ५०२ किंवा ५०४ आल्यास मध्यस्थ बहुधा जागेवर आहे, अडचण त्याच्या पलीकडे आहे, आणि अशा वेळी स्वतःच्या सेटिंग्जना हात लावणे व्यर्थ होय. ४०७ संबंधी एक सावधगिरी : ओळख देण्याच्या सर्वांत जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द जवळजवळ उघडाच प्रॉक्सीपर्यंत जातो. जो शब्द ईमेलसाठी वापरला जातो तो येथे वापरू नये.

राहिला तो मघाशी उल्लेखिलेला अपवाद. अनेक आस्थापना शिवलेले पोते उसवून पाहतात. त्यासाठी संगणकात आस्थापनेचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसविले जाते. त्यानंतर प्रॉक्सी प्रत्येक संकेतस्थळाच्या नावाने स्वतः प्रमाणपत्र तयार करते आणि ब्राउझर ते खरे मानतो. हानिकारक फाइली रोखण्यासाठी व नकाशे-आराखडे बाहेर जाऊ नयेत यासाठी हे केले जाते, आणि आस्थापनेच्या मालकीच्या संगणकावर तिने तसे करणे समर्थनीय आहे. ब्राउझरमधील कुलपाच्या खुणेवर टिचकी मारून प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहिल्यास हा प्रकार लगेच ओळखता येतो. शिवाय भारताच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आस्थापनांना आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. दुपारच्या सुट्टीत कोणी कोणते संकेतस्थळ पाहिले, हेही त्या नोंदींत राहते. अशा जोडणीतून स्वतःच्या बँकेचा व्यवहार करणे शहाणपणाचे नाही, आणि ‘प्रॉक्सीमुळे आपण अदृश्य होतो’ ही विद्यार्थ्यांमधील समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे : बाहेरच्यापासून जो लपतो तो मध्यस्थापुढे अधिकच उघडा पडतो. फुकट मिळणाऱ्या सार्वजनिक प्रॉक्सींच्या बाबतीत तर तो मध्यस्थ कोण आहे, हेदेखील कळण्याचा मार्ग नसतो.

विद्यार्थ्याचा स्वतःचा लॅपटॉप कारखान्यात नेला असेल तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. प्रकल्प संपतो, चिठोरा हरवतो, प्रॉक्सीची ओळ इंटरनेट बंद पडताच आठवते व पुसली जाते. मूळ प्रमाणपत्र मात्र कोणताही अडथळा न करता तेथेच राहते, आणि ज्याच्या हाती त्याची गुप्त किल्ली आहे त्यास त्या लॅपटॉपपुरते कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग पुढेही घेता येते. शक्यतो आस्थापनेकडूनच संगणक मागून घ्यावा. ते न जमल्यास प्रमाणपत्र फक्त फायरफॉक्समध्ये बसवून तो ब्राउझर त्या कामापुरता राखून ठेवावा, म्हणजे विंडोजच्या सामायिक कोठारास धक्का लागत नाही; आणि शेवटच्या दिवशी, प्रवेशपत्र परत करण्यापूर्वी, फायरफॉक्सच्या प्रमाणपत्रांच्या यादीत जाऊन ते काढून टाकावे.