लक्सॉरचा अधांतरी दरवाजा
इजिप्तची प्राचीन देवळे एकाच धर्माची नाहीत. जाणकार गाइड सोबत असेल तर एका भिंतीवर तीन धर्म वाचता येतात

लक्सॉरच्या मंदिरात रामसेस दुसऱ्याने बांधलेल्या अंगणात शिरून डावीकडे वर पाहिले, की स्तंभांच्या माथ्यावर एक मशीद दिसते. तिचा जुना दरवाजा अंगणाच्या फरशीपासून कित्येक मीटर उंचावर, अधांतरी आहे. त्याला पायऱ्या नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्या पर्यटकाला ही बांधणाऱ्याची चूक वाटते. प्रत्यक्षात दरवाजा बांधला गेला तेव्हा जमीन तेवढ्याच उंचीवर होती. शतकानुशतके साचलेली माती, राडारोडा आणि घरांचे अवशेष यांखाली मंदिर गाडले गेले होते आणि त्यावर गाव वसले होते. १८८०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ गास्तों मास्पेरो यांच्या पुढाकाराने उत्खनन सुरू झाले, गाव हटले, माती निघाली. मशीद मात्र लोकांच्या श्रद्धेमुळे जागच्या जागी राहिली.

या दरवाजाचा उलगडा करून सांगणे, हे इजिप्तमधील चांगल्या गाइडचे खरे काम आहे. फारोंची नावे आणि सनावळ्या कोणत्याही पुस्तकात मिळतात. एकाच वास्तूत एकामागून एक धर्म कसे नांदले, हे मात्र कोणी बोट ठेवून दाखविल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही.

महाद्वार ते गाभारा

प्राचीन इजिप्तचे मंदिर समजून घेणे मराठी माणसाला तुलनेने सोपे जावे. कर्नाक येथील आमुन देवाच्या मंदिरात भव्य प्रवेशद्वार, उघडे अंगण, १३४ स्तंभांचा मंडप आणि शेवटी काळोखा गाभारा असा क्रम आहे. आत जावे तशी जमीन चढत जाते, छत खाली येते आणि उजेड कमी होतो. सामान्य लोकांना बाहेरच्या अंगणापुढे सहसा प्रवेश नसे. पुजारी पहाटे देवाला जागवीत, मूर्तीला स्नान, तेल, वस्त्रे आणि नैवेद्य अर्पण करीत. देवापुढून उचललेले अन्न नंतर पुजारी आणि सेवकांत वाटले जाई. काकडआरती आणि प्रसाद ठाऊक असलेल्याला हे वर्णन परके वाटत नाही. साम्यावरून दोन्ही धर्मांचे मूळ एकच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र टाळावा. त्याला पुरावा नाही.

वर्षातून एकदा ओपेत उत्सवात आमुनची मूर्ती नौकेच्या आकाराच्या पालखीतून कर्नाकहून लक्सॉरला नेली जाई. हा उत्सव हत्शेप्सुत राणीच्या काळात ११ दिवसांचा होता, तर रामसेस तिसऱ्याच्या काळात तो २७ दिवसांवर गेला. आज लक्सॉरमध्ये तेराव्या शतकातील सूफी संत अबू अल-हग्गाग यांचा उरूस इस्लामी शाबान महिन्याच्या मध्यास भरतो. अंगणावरील मशीद याच संतांची. त्यांच्या मिरवणुकीतही रस्त्यांवरून नौका ओढल्या जातात. ही ओपेतचीच अखंड परंपरा, असे अनेक जण सांगतात. मधल्या शतकांचा दुवा सिद्ध करणे कठीण आहे. परंतु नाईलकाठी देवाची आणि संताची मिरवणूक नावेतून निघावी, यात नवल नाही.

गिलाव्याखालचे देव

याच मंदिराच्या आतल्या एका दालनात इसवी सन ३००च्या सुमारास रोमन सैन्याने आपले पूजास्थान केले. अमेनहोटेप तिसऱ्याच्या काळातील कोरीव देवांवर त्यांनी गिलावा दिला आणि त्यावर सम्राटांची चित्रे रंगविली. ही चित्रे बराच काळ ख्रिस्ती संतांची समजली जात होती. जिथे गिलावा गळून पडला आहे, तिथे खालचे देव पुन्हा दिसू लागले आहेत. लक्सॉर हे नावही या स्थित्यंतराची साक्ष देते. अरबीतील ‘अल्-उक्सुर’ म्हणजे गढ्या किंवा महाल. रोमन छावणीच्या अवशेषांवरून ते पडले, असे मानले जाते. पुढे मंदिराच्या आवारात चर्च उभी राहिली आणि त्यांपैकी एकाच्या जागी मशीद आली.

शेवटचा लेख

दक्षिणेकडे अस्वानजवळ फिले येथील इसिस देवीच्या मंदिरात धर्मांतराची ही कथा तारखेनिशी वाचता येते. इजिप्शियन चित्रलिपीतील आजवर सापडलेला शेवटचा लेख येथेच आहे. तो २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने देवीची पूजा बंद करण्यात आली आणि बिशप थिओडोर यांनी मंदिराच्या मंडपात संत स्टीफन यांचे चर्च स्थापन केले. स्तंभांवर कोरलेले क्रूस आणि छिन्नीने विद्रूप केलेल्या देवप्रतिमा आजही तेथे शेजारी शेजारी आहेत.

विसाव्या शतकात धरणांच्या पाण्याने हे मंदिर गिळण्याची वेळ आली. युनेस्कोच्या मोहिमेत १९७० च्या दशकात त्याचे सुमारे ४० हजार दगड सुटे करून शेजारच्या उंच अगिलकिया बेटावर पुन्हा रचले गेले. १९८० मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आज नावेतून जाणारा पर्यटक ‘फिले’ म्हणून जे पाहतो ते मंदिर मूळचे आहे, बेट मात्र दुसरे.

प्रार्थनेत टिकलेली भाषा

लिपी लोपली, तरी भाषा पूर्ण मेली नाही. ग्रीक अक्षरांत लिहिली जाणारी कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेची शेवटची अवस्था. बोलीभाषा म्हणून तिची जागा अरबीने घेतली. पण कॉप्टिक चर्चच्या उपासनेत ती अजून ऐकू येते. १८२२ मध्ये शांपोलियनने चित्रलिपीचे कोडे सोडविले, त्यात त्याचे कॉप्टिकचे ज्ञान निर्णायक ठरले. फारोंचे देव नाकारणाऱ्या धर्मानेच फारोंची भाषा जपली.

म्हणूनच जुन्या कैरोतील काही तास सहलीतून वगळू नयेत. रोमन किल्ल्याच्या दरवाजावर बांधलेले ‘अल्-मुअल्लका’ म्हणजे टांगलेले चर्च, जवळच बेन एझ्रा हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आणि थोड्या अंतरावर सातव्या शतकात स्थापन झालेली अम्र इब्न अल-आस मशीद, हे सारे पायी पाहता येते.

या धर्मसंगमात भारताचाही अंश आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदरात, इसिसच्या मंदिराच्या आवारात, बुद्धाची मूर्ती सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात बेरेनिकेबरोबरच सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचे उल्लेख आहेत.

कोणता थर राखायचा?

हे सारे थर एकत्र राखता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. फारोंपर्यंत पोहोचण्यासाठी जुन्या उत्खननांत ख्रिस्ती आणि इस्लामी काळातील वस्तीचे थर अनेक ठिकाणी खरवडून काढले गेले. कर्नाक आणि लक्सॉर यांना जोडणारा सुमारे २.७ किलोमीटरचा स्फिंक्स-मार्ग २५ नोव्हेंबर २०२१ रोजी समारंभपूर्वक खुला झाला. तो मोकळा करण्यासाठी घरे आणि काही प्रार्थनास्थळे पाडावी लागली. नाईलच्या पश्चिम तीरावरील थडग्यांवर वसलेले कुर्ना गावही २००६ नंतर उठविण्यात आले. थडग्यांच्या रक्षणासाठी हे आवश्यक होते, असे सरकारचे म्हणणे; पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्यांच्या दृष्टीने मात्र त्यांचाही इतिहास त्याच डोंगरावर होता. पर्यटक जे पाहण्यास पैसे मोजतो ते टिकते आणि जे पाहत नाही ते सहज पुसले जाते.

गाइड निवडताना

सहल कंपनीचा टूर मॅनेजर वेगळा आणि स्थळावर माहिती देणारा परवानाधारक इजिप्शियन गाइड वेगळा, हे ध्यानात ठेवावे. गाइडचा परवाना पाहण्यास मागणे गैर नाही. राजांच्या दरीत थडग्यांच्या आत गाइडला व्याख्यान देता येत नाही, कारण थांबलेल्या गर्दीचा श्वास आणि घाम यांचा दमटपणा रंगांना मारक ठरतो. म्हणून बाहेर सांगितले जाते तेव्हाच नीट ऐकावे. चर्च आणि मशिदींत खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मशिदीत पादत्राणे काढावीत. अत्तर आणि पपायरसच्या दुकानांत किती वेळ जाणार, हे आधीच विचारून घ्यावे आणि तो वेळ शक्यतो जुन्या कैरोला द्यावा.

प्रत्येक मंदिरात गाइडला एक प्रश्न जरूर विचारावा: येथील पूजा थांबल्यानंतर या जागेत काय झाले? त्याच्या उत्तरावरून त्याची तयारी कळेल आणि सहसा न सांगितला जाणारा इतिहासही ऐकायला मिळेल.