काळीचा वापसा आणि तासावरचा जेसीबी

काळ्या रानात शेततळे किंवा चर खोदणाऱ्या ऑपरेटरच्या दोन तक्रारी असतात आणि ऐकताना त्या एकमेकींच्या उलट वाटतात. वरची माती एवढी टणक की बकेटचे दात तिच्यावरून घसरतात. खालची एवढी चिकट की भरलेली बकेट उलटी केली तरी रिकामी होत नाही. एकाच खड्ड्यात, एकाच दुपारी हे दोन्ही घडते. माती तीच असते, फरक असतो ओलीचा. काळीत खोदायचे तर यंत्राच्या ताकदीआधी या ओलीचा हिशेब करावा लागतो.

पापुद्र्यांत दडलेले पाणी

दख्खनच्या पठारावरचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकण खनिजे भरपूर असतात. त्यांचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि पानांच्या फटींत पाणी शिरते. असे सगळे पापुद्रे सुटे करून मोजले, तर एका ग्रॅम शुद्ध खनिजाचे पृष्ठफळ ८०० चौरस मीटरपर्यंत भरते. पाणी धरले की माती फुगते, सुटले की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. भेगा पोचतात तिथवर माती वाळून ढेकळे होतात. त्याखाली मात्र मे महिन्यातही ओल टिकून असते. ऑपरेटरला वर दगड आणि खाली गोंद भेटतो तो असा.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये चिकणमातीच्या अवस्था ओलीच्या मापाने वेगळ्या केल्या. कमी ओलीत माती फुटते, त्याहून जास्त ओलीत हवा तो आकार घेते आणि फारच ओली झाली की वाहू लागते. खोदणाऱ्याला छळते ती मधली अवस्था. माती आणि पोलाद यांच्यामधला पाण्याचा पातळ थर दोघांना ओढून धरतो. शिवाय बकेटच्या तळाशी हवेला वाट नसते, त्यामुळे गोळा तिथे जणू शोषला जातो.

भरायला जोर, ओतायला नाही

चिकट मातीने लोखंडाला छळणे जुनेच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जॉन डिअर यांनी १८३७ मध्ये घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा नांगर बनवला, तो तिथल्या चिकट मातीत फाळ सतत खरवडावा लागू नये म्हणून. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिक हात आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. ब्रिटनमध्ये जेसीबीचे पहिले असे यंत्र १९५३ चे. भारतात कंपनी १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगढला आली.

या हाताने मातीत घुसायची अडचण सोडवली. माती सोडायची तशीच राहिली. बकेट भरताना हायड्रॉलिकचा सगळा जोर पाठीशी असतो, रिकामी करताना मातीचे स्वतःचे वजन तेवढे कामी येते. अरुंद बकेटमध्ये मातीच्या मानाने पत्र्याचा स्पर्श जास्त, म्हणून ती लवकर तुंबते. तळापेक्षा तोंड रुंद असलेली बकेट बरी. गंजलेल्या पत्र्याला माती अधिक धरते. जाणता ऑपरेटर बकेट काठोकाठ भरत नाही, लिव्हर मागेपुढे करून ती झटकतो आणि अधूनमधून जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून पहारीने खरवडून घेतो.

ओल्या काळीत खोदण्याचा दुसरा तोटा उशिरा कळतो. बकेटच्या दाबाने चराच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मातीतली छिद्रे बुजतात. पाणी मुरवण्यासाठी काढलेल्या चरातच मग पाणी मुरत नाही; शेवटी दातांनी कडा ओरबाडून घ्याव्या लागतात. काळीच्या पोटात फुगण्या-आकसण्याने झालेले चकचकीत घसरते पृष्ठभागही असतात. त्यांवरून कडेचा मोठा तुकडा अचानक सुटू शकतो, म्हणून सरळ कडांच्या खोल चरात आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये. काढलेली काळी आणि तिच्याखालचा मुरूम यांचे ढीगही वेगळे हवेत. काळी पिकाला उपयोगी पडते. पायाच्या किंवा पाइपाच्या भरावात तीच फुगून तडे पाडते.

मुठीतली चाचणी

प्रयोगशाळेत माती वळून तिची तीन मिलिमीटर जाडीची दोरी करतात. त्या जाडीला ती तुटू लागली की तिथे आकार घेण्याची हद्द संपते. बांधावर हीच परीक्षा तळहातावर होते. ठरलेल्या खोलीवरची माती खोऱ्याने काढून वळून पाहावी. बारीक दोरी न तुटता वळली, तर ती बकेट सोडणार नाही. पेरणीला वापसा पाहणारा शेतकरी ही ओल ओळखतोच, पण यंत्र बोलावताना तो वापसा विचारात घेत नाही, कारण जेसीबी मिळेल तेव्हा घ्यावा लागतो.

आणि तो येतो तासावर. प्रत्येक बकेटमधली तिसरा हिस्सा माती चिकटूनच राहिली, तर तीन तासांतला एक तास फुकट जातो, आणि तो भरतो शेतकरी. म्हणून सौदा करताना तासाच्या दराआधी खालच्या थराची ओल बघावी. वरचा थर काढून खड्डा काही दिवस उन्हात उघडा ठेवणे आणि उरलेले खोदकाम दुसऱ्या फेरीत करणे, हे पुष्कळदा डिझेलपेक्षा स्वस्त पडते.