डिझेल कुठं भरायचं? बॉर्डरच्या अलीकडं की पलीकडं? 🚛

उदगीरहून बीदरकडं निघालं की बॉर्डर ओलांडताच कर्नाटकातलं कमलनगर लागतं. टाकी नेमकी कुठं फुल करायची, हे ट्रकवाले आधीच ठरवून ठेवतात. डिझेल जीएसटीत नाही. प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, त्यामुळं चार पावलांवर भाव बदलतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं डिझेलवर 10 रुपये कमी केले, कर्नाटकानं वर आपले 7 सोडले. महाराष्ट्रानं तेव्हा काहीच सोडलं नाही. जुलै 2022 मध्ये 3 रुपये कमी केले. तोवर 7 रुपयांचा फरक धरला, तर 300 लिटरमागं 2,100 रुपये वाचायचे!

पुढं कर्नाटकानं जून 2024 आणि एप्रिल 2025 मध्ये कर वाढवला, अन् ती मजा कमी झाली.

देगलूरवरून हैदराबादला जाताना गणित उलटं. तेलंगणाचा व्हॅट 27 टक्के, आपला 21. म्हणून टाकी देगलूरलाच भरायची.

एक लक्षात ठेवा: भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल, तर 20 किलोमीटरच्या वळशात पाच लिटर जळतात. पंप वाटेवर असेल तरच फायदा!

तुम्ही कुठं भरता?