गटार 'मंजूर' आहे की नुसतं बोलण्यात? गावच्या कामांचा हिशेब मोबाईलवर असा बघा

अंबरनाथ : पावसाळा संपला की गावोगावी एकच विषय निघतो. गटाराचं काम कधी सुरू होणार? रस्ता मंजूर झाला म्हणे, मग अडलंय कुठे? कोणी सांगतं पैसेच आले नाहीत, कोणी म्हणतं पैसे खाल्ले. खरं काय ते कळायला आता पंचायतीत खेटे घालायची गरज नाही. निदान पहिली माहिती तुमच्या हातातल्या मोबाईलवर आहे.

हे 'ई-ग्रामस्वराज' आहे तरी काय?

एमआयडीसीतल्या कंपन्या किंवा मोठे बिल्डर कामाचं नियोजन सॉफ्टवेअरवर करतात. कोणतं काम, खर्च किती, कुठवर आलं, पैसे किती गेले, सगळं एका ठिकाणी. ग्रामपंचायतींसाठी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने तसंच सॉफ्टवेअर आणलं, ते ई-ग्रामस्वराज. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायती राज दिनाला ते सुरू झालं. त्याआधी आराखडा 'प्लॅनप्लस'वर, कामाची प्रगती 'ॲक्शनसॉफ्ट'वर आणि हिशेब 'प्रियासॉफ्ट'वर भरला जायचा. आता तिन्ही एकत्र आहेत.

काम कागदावरून जागेवर कसं येतं?

समजा, तुमच्या आळीत गटार हवंय. आधी ते ग्रामसभेत मांडावं लागतं आणि गावच्या वार्षिक विकास आराखड्यात घ्यावं लागतं. आपल्याकडे 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणतात तो हाच आराखडा. मग तो ई-ग्रामस्वराजवर चढवला जातो. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, वर्क ऑर्डर, प्रत्यक्ष काम, एमबीत मोजमाप आणि शेवटी बिल. बिलाचे पैसे ऑनलाइन जातात आणि त्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. कामाचे फोटोही सुरू होण्याआधी, चालू असताना आणि झाल्यावर असे तीन वेळा जागेच्या नोंदीसह चढवायचे असतात.

यातली कळीची गोष्ट एकच. वित्त आयोगाच्या पैशातून करायचं काम आधी आराखड्यात असावं लागतं. सरपंचांनी तोंडी 'करू' म्हटलं आणि आराखड्यात ते नसलं, तर पैसे निघायचे कसे? म्हणून बिल कुठे अडलंय हे विचारण्याआधी काम आराखड्यात आहे का ते बघा.

मोबाईलवर कसं बघायचं?

१. प्ले स्टोअरवरून 'ई-ग्रामस्वराज' ॲप घ्या.

२. राज्य महाराष्ट्र, जिल्हा ठाणे, तालुका अंबरनाथ आणि मग तुमची ग्रामपंचायत निवडा. वांगणीचे असाल तर वांगणी, मांगरूळचे असाल तर मांगरूळ.

३. आर्थिक वर्ष निवडा. चालू वर्षासोबत मागचं वर्षही उघडून बघा, कारण बरीच कामं एका वर्षात मंजूर होतात आणि पुढच्या वर्षात संपतात.

४. नावं इंग्रजीत दिसतील, घाबरू नका. 'ईआर डिटेल्स' म्हणजे सरपंच-सदस्यांची माहिती, 'अप्रूव्हड ॲक्टिव्हिटीज' म्हणजे मंजूर कामं आणि 'फायनान्शियल प्रोग्रेस' म्हणजे किती पैसे आले, किती खर्च झाले.

आकडे वाचताना

१५व्या वित्त आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, दोन्हींना निम्मा-निम्मा. उरलेला ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी, पण त्यातून पगार देता येत नाहीत. त्यामुळे 'खात्यात पैसे आहेत, मग रस्ता का नाही?' असं वाटलं, तर ते पैसे कुठल्या हिश्श्याचे आहेत ते आधी विचारा.

दुसरं, स्क्रीनवर दिसतं ते कोणीतरी भरलेलं असतं. काम झालं तरी नोंद मागे राहू शकते आणि नोंद झाली तरी गटार अर्धंच असू शकतं. म्हणून 'पूर्ण' दिसलं की जागेवर जा, लांबी मोजा, फोटो काढा.

तिसरं, आमदार-खासदार निधीतली किंवा जिल्हा परिषदेची कामं इथे दिसतीलच असं नाही. काम यादीत सापडलं नाही म्हणजे सरपंचांनी पैसे खाल्ले, असा अर्थ लगेच काढू नका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी काम कुठल्या निधीतलं आहे याची खात्री करा. उगाच एखाद्याची बदनामी नको.

आणि हो, उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतली कामं या ॲपवर नसतात. ही सोय ग्रामपंचायतींची आहे.

मग करायचं काय?

आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास त्या होतात. पुढच्या वर्षाचा आराखडा करायची मोहीमही २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. नवं काम सुचवायचं असेल तर ही सभा चुकवू नका. तुमची मागणी प्रोसिडिंगमध्ये लिहिली गेली का, ते सभा संपायच्या आत वाचून घ्या.

जुन्या कामाबद्दल शंका असेल, तर स्क्रीनशॉट आणि जागेवरचा फोटो घेऊन ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून त्या कामाची वर्क ऑर्डर, एमबी आणि बिलाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हे १० रुपयेही माफ आहेत.

ज्येष्ठांना ॲप जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरांनी एकदा बसून दाखवावं. दहा मिनिटांचं काम आहे.