अहीर माशाच्या कानातला समुद्र

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही गोदावरीच्या खोऱ्यात समुद्रात जन्मलेला एक मासा पूर्वापार राहत आला आहे. त्याचे नाव अहीर. तो सापासारखा लांब असतो आणि हाताला बुळबुळीत लागतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिताना त्याला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पुढे तो आणि बंगालकडचा आधीच नोंदलेला ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ एकच असल्याचे ठरले.

अहीर नदीत वाढतो, पण अंडी घालतो ती खोल समुद्रात. पिल्लू पानासारखे चपटे आणि पारदर्शक असते. प्रवाहाबरोबर वाहत ते किनाऱ्यापाशी येते, तिथे बारीक सुतळीएवढे होते आणि नदीच्या मुखातून वर चढू लागते. गोड्या पाण्यात कित्येक वर्षे काढून तो परत समुद्राकडे जातो, एकदाच वीण करतो आणि मरतो. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर. आपल्या प्रवरासंगमापर्यंत पोहोचायचे, तर या माशाला बंगालच्या उपसागरापासून हजाराहून अधिक किलोमीटर उलट पोहावे लागते. या वाटेवर १८५२ साली धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाला आणि १९७६ साली पैठणला जायकवाडीचे लोकार्पण झाले. पिल्ले ओल्या दगडांवरून सरपटत लहान बंधारा ओलांडू शकतात. मोठ्या धरणाची भिंत ही वेगळी गोष्ट आहे.

मग प्रश्न उरतो: समुद्रातून अहीर अजून वर येतात का? जाळ्यात एखादा सापडला की लोक म्हणतात, “आहेत की अजून!” पण अहीर दीर्घायुषी मासा आहे. आज सापडलेला मासा खूप वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, किंवा कोणी दुसरीकडून आणून सोडलेला. मासा दिसला म्हणजे वाट चालू आहे, असे होत नाही.

याचा पुरावा माशाच्या कानात असतो. हाडे असलेल्या माशांच्या अंतर्कर्णात चुनखडीच्या खड्यांच्या तीन जोड्या असतात. शास्त्रज्ञ या खड्याला ऑटोलिथ म्हणतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला मासा तो वापरतो. झाडाच्या खोडासारखा तो थरांनी वाढतो. लहान माशाच्या खड्यात रोजची एकेक रेघ असते, हे जॉर्जिओ पनेला यांनी १९७१ साली दाखवले. उपासमारीत शरीर हाडांतला चुना वापरते, या खड्यातला सहसा वापरत नाही. म्हणून एकदा लिहिलेले पुसले जात नाही.

थर बनताना पाण्यातले स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी थोडे थोडे शिरते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम असते. गोड्या पाण्यात सहसा त्याहून फार कमी. खड्याच्या मध्यापासून कडेपर्यंत मोजत गेले, की समुद्राचा काळ उंच दिसतो आणि नदीत शिरताच आकडा खाली घसरतो. या पद्धतीने त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले, की काही ईल मासे जन्मभर नदीत शिरतच नाहीत. २००३ साली मिल्टन आणि चेनरी यांनी बांगलादेशातल्या हिलशाचा प्रवास असाच वाचला.

आपल्याकडे काळा पाषाणही साक्षीला येतो. स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ वजनाच्या अणूंचे गुणोत्तर समुद्रात सगळीकडे ०.७०९२ च्या आसपास असते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते सर्वसाधारणपणे त्याहून कमी, तर हिमालयातून येणाऱ्या गंगेच्या पाण्यात जास्त असते. म्हणजे बंगालमधून आणून सोडलेला मासा आणि प्रवरेत वाढलेला मासा यांचे खडे वेगळे बोलतील.

मी हे सारे पुस्तकांतून आणि बाजारातल्या डोक्यांवर शिकलो. कवटी उभी चिरायची, सुईने खडा काढायचा, बारीक पॉलिश पेपरवर घासायचा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजायची. आपल्या उष्ण हवामानात वर्षाची वलये थंड देशांइतकी ठळक नसतात, म्हणून सावधपणे मोजावे लागते. रसायनाचे मोजमाप मात्र मोठ्या यंत्रावरच होते.

स्ट्रॉन्शियम घसरले तिथपासून कडेपर्यंतची वलये, तितकी वर्षे मासा नदीत. असे शंभरभर खडे जमले आणि त्यांत कोवळे वय आढळलेच नाही, तर समजावे की वाट बंद झाली आहे आणि आपण शेवटच्या पिढीचे मासे खात आहोत. कोवळे सापडले आणि त्यांच्या खड्यात आपल्याच नदीची खूण निघाली, तर कुठल्या तरी फटीतून समुद्र अजून आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. पहिल्या स्थितीत धरणांवर मत्स्यमार्ग मागावे लागतील, दुसऱ्या स्थितीत ती फट शोधून जपावी लागेल. खड्यांवाचून दोन्ही मागण्या नुसत्या तक्रारी ठरतात.

नेवाशाकडचे, राहुरीकडचे, शेवगावकडचे भोई बांधव आणि मासळी विकणाऱ्या मावश्या यांना माझे एवढेच सांगणे आहे: अहीर मुद्दाम मारू नका, पण आपसूक हाती आलाच, तर त्याचे डोके फेकू नका. कागदावर तारीख आणि पाणवठ्याचे नाव लिहून खडा त्यात गुंडाळून ठेवा. तो सुका खडा वर्षानुवर्षे टिकतो. नदीतला शेवटचा अहीर थांबणार नाही.